सप्टेंबरच्या पावसाचे आभार डिसेंबरात

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मार्गशीर्ष अमावस्येच्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, कारण सगळे शिवारात गेलेले असतात. ज्वारीच्या पिकात कडब्याची कोपी उभारलेली असते, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडलेले असतात, आणि घरून डोक्यावर आणलेला आंबिलाचा माठ, भज्जी, बाजरीचे उंडे व गव्हाची खीर यांचा नैवेद्य आधी त्यांना दाखवला जातो. मग घरातला कर्ता माणूस ‘ओलगे ओलगे सालम पलगे’ असे कानडी वळणाचे शब्द म्हणत, आंबील शिंपडत शेताला फेरा घालतो. हीच आमची वेळा अमावस्या, म्हणजे बोलीतली येळवस.

लहानपणी मला एक प्रश्न पडत असे. पाऊस जाऊन दोन-अडीच महिने झालेले असतात, आकाशात ढगाचा ठिपका नसतो, मग हे आभार नेमके कशाचे? पाऊस पडतो त्या दिवशी का नाहीत? काकांना विचारले तेव्हा त्यांनी उत्तर न देता कमरेएवढ्या ज्वारीचे एक ताट उपटले आणि त्याच्या मुळाला चिकटलेली माती माझ्या तळहातावर ठेवली. ती थंड आणि ओलसर होती. वरची जमीन भेगाळलेली, पाटाचे पाणी नाही, आणि तरीही वीतभर खाली ओल होती. सप्टेंबरात पडलेला पाऊस अजून तिथे होता, आणि शिवारातली सगळी ज्वारी त्याच्यावरच उभी होती. शेतकरी पावसाचे ऋण मानतो तेव्हा आभाळातून किती पडले याबरोबरच जमिनीत किती राहिले, हे त्याच्या मनात असते. या दोन गोष्टींतला फरक समजला की पाण्याविषयीचे बरेचसे प्रश्न आपोआप उलगडतात, म्हणून तो इथे सविस्तर मांडतो आहे.

आमच्या भागाला हा फरक २०१६ सालाने फार कठोरपणे शिकवला. लागोपाठच्या दुष्काळी वर्षांनंतर बीड जिल्ह्यातील धनेगावचे मांजरा धरण, ज्यावर लातूर शहराची तहान अवलंबून आहे, कोरडे पडले होते. तेव्हा सुमारे ३४० किलोमीटरवरच्या मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी लातूरला पोहोचली. तिला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५०,००० लीटर, म्हणजे एकूण ५ लाख लीटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या घरात होती. तेवढ्यांत वाटले तर त्या पहिल्या गाडीचे पाणी माणशी सव्वा लीटरच्या आसपास येते. पुढे गाडीच्या वाघिणी वाढवल्या गेल्या, पण स्टेशनावर ती पहिली गाडी पाहायला जमलेल्या लोकांच्या चेहऱ्यावरचा भाव लातूरकर विसरणार नाहीत.

आता याच पाच लाख लीटरांकडे शेतकऱ्याच्या बाजूने पाहू. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लीटर पाणी. एक हेक्टर, म्हणजे सुमारे अडीच एकर, हे दहा हजार चौरस मीटर असते. त्यामुळे एक मिलिमीटर पावसात हेक्टरभर शेतावर दहा हजार लीटर पाणी पडते, आणि पन्नास मिलिमीटर पावसात पाच लाख लीटर. ज्या पाण्यासाठी राज्यभर धावपळ झाली तेवढे पाणी अडीच एकरांच्या एका मळ्यावर एका दमदार पावसात पडून जाते. मराठवाड्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे सरासरी गाठणाऱ्या वर्षात प्रत्येक हेक्टरवर अशा चौदा गाड्या रित्या होतात. मग पाणी जाते कुठे?

पडलेल्या पाण्याला चार वाटा असतात. काही उतारावरून ओढ्यात व नदीत वाहून जाते, काही वाफ होऊन परत आभाळात जाते, काही मातीत अडकून राहते, आणि उरलेले मातीच्याही खाली झिरपत खडकापर्यंत पोहोचते. पहिल्या दोन वाटा पाण्याला शेताबाहेर नेतात, शेवटच्या दोन ते शेतकऱ्यासाठी राखून ठेवतात. पाणलोट, बांधबंदिस्ती, शेततळी, चर, झाडे अशा ज्या ज्या कामांविषयी आपण ऐकतो, ती सगळी पहिल्या वाटेचे पाणी शेवटच्या दोन वाटांवर वळवण्यासाठी असतात. शेततळ्याला मात्र दुसऱ्या वाटेचा धोका राहतोच. आमच्याकडे उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला जवळपास एक सेंटीमीटर नुसत्या उन्हाने उतरते, आणि मार्च ते मे या तीन महिन्यांत पाऊण मीटरच्या आसपास पाणी कोणीही न वापरता नाहीसे होते. माझ्या मते पाणी साठवण्याची सर्वांत सुरक्षित जागा मातीत आणि खडकात आहे, कारण तिथे ऊन पोहोचत नाही.

मातीपासून सुरुवात करू. आपली काळी, कपाशीची जमीन बेसॉल्ट खडक झिजून झालेली आहे, आणि तिच्यातल्या चिकणमातीच्या कणांचा स्वभाव असा की ते पाणी घेतले की फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या भेगा पाहून शहरातल्या माणसाला जमीन मेली असे वाटते. प्रत्यक्षात मृगाचे पहिले पाणी याच भेगांतून थेट खोलवर उतरते. पुढे जमीन फुगून भेगा मिटतात, पाणी आत शिरण्याचा वेग एकदम मंदावतो, आणि त्यानंतर धो धो पडलेला पाऊस बराचसा वाहून जातो. म्हणून रात्रभर संथ लागलेल्या रिपरिप पावसाला शेतकरी ‘मुरवणीचा पाऊस’ म्हणून मान देतो. मोजमापात तो कमी भरला, तरी जमिनीत उतरलेला वाटा मोठा असतो.

एक मीटर खोल काळ्या जमिनीत पिकाच्या मुळांना घेता येईल असे साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावते. हेक्टरच्या हिशेबात ते १५ ते २० लाख लीटर, म्हणजे तीन ते चार पाणीगाड्या होतात. शेतात एक खड्डाही न खणता, एक पोतेही सिमेंट न वापरता मिळालेले हे साठवण आहे. याउलट मुरमाड, वीतभर मातीची हलकी रानजमीन असेल तर तिथे जेमतेम तीस-चाळीस मिलिमीटर पाणी टिकते, आणि पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की पीक माना टाकते. एकाच गावात, एकाच पावसात, एकाच्या शेतात पीक डोलते आणि बांधापलीकडे ते वाळते, याचे कारण अनेकदा नशिबापेक्षा मातीच्या खोलीत असते.

या साठ्याचा अंदाज शेतकरी यंत्राविना घेतो. पेरणीच्या आधी तो वीतभर खालची माती मुठीत घेऊन दाबतो. मूठ उघडल्यावर गोळा बोटांना चिकटला तर जमीन अजून चिबड आहे, औत घातले तर ढेकळे निघतील. गोळा झालाच नाही, माती भुरभुर गळाली, तर ओल कमी आहे. आणि गोळा होऊन अलगद खाली टाकताच फुटून मोकळा झाला, तर वाफसा आला. वाफसा म्हणजे मातीच्या मोठ्या पोकळ्यांतले जादा पाणी निथरून तिथे हवा शिरलेली असते आणि बारीक पोकळ्यांत पाणी धरून ठेवलेले असते. मुळांना पाणी आणि श्वास दोन्ही एकाच वेळी मिळतात अशी ती स्थिती होय. कृषी विभाग दरवर्षी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नका असे सांगतो, त्याचेही कारण हेच आहे. पहिल्या सरीच्या आनंदात पेरले, वरची दोन बोटे माती तेवढी भिजलेली असली, आणि पुढे उघडीप पडली, तर कोंब जमिनीतच करपतो व दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो.

पाऊस गेल्यानंतर मात्र शेतकऱ्याची खरी राखण सुरू होते. रब्बी ज्वारीत तीन कोळपण्या करण्याची शिफारस आहे, पेरणीनंतर साधारण तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. शेवटची कोळपणी दातेरी कोळप्याने करतात. कोळप्याने तण निघते हे तर खरेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे वरची माती मोकळी होऊन भुसभुशीत थर तयार होतो, भेगा बुजतात, आणि खालची ओल वर चढून उडून जाण्याची वाट तुटते. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे जे म्हटले जाते, त्यात अनुभवाचे मोठे विज्ञान आहे. ही मेहनत न दिसणारी असल्याने तिची नोंद कुठे होत नाही, परंतु वेळा अमावस्येला हिरवी उभी राहणारी ज्वारी या कोळपण्यांनी राखलेल्या ओलीवरच तगलेली असते.

आता मातीखालच्या खडकाकडे वळू, कारण विहिरीची सगळी कथा तिथे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर ओतले गेले आणि महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग त्या बेसॉल्टने झाकला गेला. विहीर खणणाऱ्या माणसांना हे थर नावानिशी ठाऊक असतात. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग कुठे अखंड काळा पाषाण, कुठे छिद्राछिद्रांचा मांजऱ्या, आणि दोन थरांच्या मध्ये कधी लालसर गेरूचा पट्टा. मुरूम आणि फुटलेला मांजऱ्या यांत पाणी राहते. पाषाण जवळजवळ कोरडा असतो, त्याच्या चिरांत सापडेल तेवढेच. गंगा-यमुनेच्या गाळाच्या मैदानात वाळूचे थर शेकडो मीटर खोल पाण्याने भरलेले असतात, तसे आपल्याकडे नाही. आपला खडक पाण्याचा हौद म्हणून उथळ आणि अरुंद आहे.

किती अरुंद, ते एका ढोबळ हिशेबाने समजेल. भूजलाच्या मोजणीत झिजलेल्या बेसॉल्टमध्ये पावसाचा साधारण सात टक्के भाग मुरतो असे धरतात, मांजऱ्या खडकात तो तेरा टक्क्यांच्या आसपास जातो. सात टक्केच धरला तर ७०० मिलिमीटर पावसातून सुमारे ५० मिलिमीटर पाणी भूजलात पोहोचते. पण या खडकात पाणी मावेल व परत काढता येईल अशी जागा त्याच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्केच असते. म्हणून ५० मिलिमीटर पाणी तेवढ्याशा जागेत शिरले की पातळी त्याच्या पन्नासपट, म्हणजे अडीच मीटर, वर चढते. चांगल्या पावसाळ्यानंतर विहिरी भराभर वर येतात आणि काठावर उभ्या असलेल्या माणसाला पाणी अमाप असल्याचे वाटते, त्याचे कारण हे.

हाच हिशेब उलटाही चालतो, आणि तो मला प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी भिंतीवर लिहून ठेवावासा वाटतो. एका हेक्टर पिकाला पाटाने एक पाणी देताना साधारण ५० मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे त्या हेक्टराखाली वर्षभरात जेवढे मुरले, तेवढे सगळे एका पाळीत उपसले गेले, आणि पातळी चढली तशी अडीच मीटर उतरली. दुसरी पाळी देतो तेव्हा आपण शेजारच्या शेताखालचे, माळरानाखालचे, गायरानाखालचे पाणी ओढत असतो. हरभऱ्याला एक-दोन पाळ्या देण्याइतके गावाचे शिवार देऊ शकते. उसाला मात्र वर्षभरात २,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. त्यातून पावसाचा वाटा वजा केला तरी निव्वळ विहिरीवरचा एक हेक्टर ऊस पंचवीस-तीस हेक्टरांवर मुरलेले पाणी पिऊन टाकतो. उसावर माझा राग नाही, त्याला हमखास भाव आणि खरेदीदार असतो म्हणून शेतकरी तो लावतो, हे मी घरातच पाहिले आहे. पण पाण्याचा हा हिशेब भावाच्या हिशेबाशेजारी मांडलाच जात नाही, याची खंत वाटते.

पिकाला इतके पाणी लागतेच कशाला, असाही प्रश्न येतो. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग पिकाच्या अंगी लागतच नाहीत, ते पानांवाटे वाफ होऊन निघून जातात. पानांवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. हवेतला कर्बवायू आत घ्यायचा तर ही छिद्रे उघडावी लागतात, आणि उघडली की आतली ओल बाहेर जाते. अन्न तयार करण्याची ही किंमत वनस्पतीला द्यावीच लागते. ज्वारीला एक किलो वाळलेला पाला, ताट आणि दाणा मिळून तयार करायला साधारण ३०० लीटर पाणी लागते, तर गव्हाला साधारण ५०० लीटर. ज्वारी, बाजरी आणि मका यांच्या पानांत कर्बवायू पकडण्याची रचना अधिक काटकसरी असते, त्यामुळे छिद्रे थोडी उघडूनही त्यांचे भागते. (ऊसही त्याच गटातला आहे. त्याची गरज मोठी होते ती वर्षभर शेतात उभे राहून प्रचंड वाढ करण्यामुळे.) पाणी कमी पडले की पीक छिद्रे मिटून घेते, पान सुरळी करते, आणि जगते, पण वाढ थांबते. फुलोऱ्यात किंवा दाणे भरताना असे झाले तर पीक हिरवे दिसूनही कणीस हलके निघते.

म्हणूनच पावसाचा एकूण आकडा फसवा असतो. शेतकऱ्याने पावसाचे वेळापत्रक नक्षत्रांनी बांधले ते याचसाठी. मृग पेरणीचा, मघा-पूर्वा खरिपाच्या फुलोऱ्याच्या, उत्तरा-हस्त रब्बीची ओल भरण्याचे. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ या म्हणीत ऑक्टोबरअखेरच्या एखाद्या सरीने रब्बीच्या कोवळ्या पिकाला मिळणारे जीवदान आहे. सह्याद्रीच्या आडोशाला, पर्जन्यछायेत असल्याने अरबी समुद्राकडून येणारे ढग आमच्यापर्यंत रिते होऊन पोहोचतात, आणि आमचा खरा भरवसा बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर असतो. ती बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. २०१६ सालीही तसेच झाले. ज्या वर्षी एप्रिलात पाणीगाडी आली त्याच वर्षी सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला जोरदार पाऊस होऊन मांजरा धरण भरले. हातातोंडाशी आलेल्या सोयाबीनचे त्या पावसात नुकसानही झाले. तरी त्या डिसेंबरातली येळवस मी कधी विसरणार नाही. आंबील शिंपडताना काकांचा आवाज दोनदा अडकला.

भरपूर पाऊस आणि अतिवृष्टी यांना एका पारड्यात घालता येत नाही, हेही सांगायला हवे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर भागात सीना, मांजरा अशा नद्या पात्र सोडून शेतांत शिरल्या, पिके तर गेलीच, पण कित्येक ठिकाणी जमीन खरडून खाली मुरूम उघडा पडला. वर सांगितलेला मातीचा हौदच तिथे वाहून गेला. वीतभर माती तयार व्हायला हजारो वर्षे लागतात, तेव्हा पुढच्या वर्षी सरासरीइतका पाऊस झाला तरी त्या शेताला तो धरून ठेवता येणार नाही. नुकसानभरपाई पिकाची मोजली जाते, मातीची ओल धरण्याची ताकद गेली तिचे मोजमाप मात्र फार अपुरे होते.

पडलेल्या पावसाचा हिशेब मांडून वागणे शक्य आहे, याचे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने दाखवले आहे. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून तिथे डोंगरावर चर व झाडे, खाली बंधारे ही कामे झाली. पण माझ्या मते त्याहून मोठे काम म्हणजे गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि ऊस-केळीसारख्या पिकांवर स्वतःहून घातलेली बंदी, आणि पाण्याचा ताळेबंद. पाऊस संपला की त्या वर्षी किती पडला व किती मुरला याचा अंदाज घेऊन, आधी माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचे बाजूला काढून, उरलेल्यात कोणती पिके बसतात हे गावसभेत ठरते. पाऊस कमी तर जास्त पाण्याची पिके बाद. दुसऱ्या गावांना हे जमत नाही त्याचे मुख्य कारण तांत्रिक नाही. भूजल सगळ्यांचे एकच असले तरी प्रत्येकाची मोटार वेगळी असते, आणि मी थांबलो तरी शेजारचा उपसणार, ही भीती प्रत्येकाला असते. ती भीती एकट्याने दूर करता येत नाही, ती गावाने मिळूनच दूर करावी लागते.

आमच्या घरी हा ताळेबंद फार लहान प्रमाणात होतो. येळवसीचे जेवण झाले, पोरे बोरांच्या झाडाकडे पळाली, की काका विहिरीवर जातात. हातातल्या दोराला दगड बांधलेला असतो आणि दर परसावर, म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढ्या अंतरावर, एक गाठ मारलेली असते. दगड तळाला टेकेपर्यंत ते दोर सोडतात, मग वर ओढून भिजलेल्या गाठी बोटांनी मोजतात. गेल्या डिसेंबरात साडेतीन गाठी ओल्या निघाल्या. काकांनी एक परस जनावरांचे म्हणून बाजूला धरले, एक आंब्याच्या कलमांचे, थोडा वेळ हरभऱ्याकडे पाहिले, आणि म्हणाले की भुईमूग यंदा अर्धाच एकर लावू.